हडफड्याहून मुंबईस : डॉ. जुझे गर्सन द कुन्हा यांचें चरित्र

आपलें गांव सोडून परराज्यांत जावें, तेथें वर्षानुवर्षें राहावें, तेथेंच संसार करावा, आणि तरीही घराची किल्ली मूळ गांवींच ठेवावी, ही रीत कोंकणकिनाऱ्यावरील ख्रिस्ती मनुष्यास अपरिचित नाहीं. आमच्या या किनाऱ्यावर तर राज्येंच एकामागून एक बदलत गेलीं. चौल, रेवदंडा व कोर्लई यांच्याभोंवतीं निजामशाही, पोर्तुगीज, मराठे व इंग्रज यांच्या सीमा कधीं खाडीच्या या बाजूस तर कधीं त्या बाजूस सरकल्या. मनुष्य जागचा हालला नाहीं, पण त्याचें राज्य मात्र बदललें, असेंही येथें घडलें आहे. या जुबिलीच्या प्रसंगीं पूर्वजांचें स्मरण करूं जातां आम्हांस ज्या ग्रंथाचा आधार घ्यावा लागतो, त्याचे कर्ते स्वतः परराज्यांतून मुंबईस येऊन राहिलेले होते. त्यांचें नांव डॉ. जुझे गर्सन द कुन्हा. त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सादर करितों.

डॉ. द कुन्हा यांचा जन्म १८४४ सालीं गोव्यांतील बारदेश महालांत हडफडें या गांवीं एका सारस्वत वंशाच्या ख्रिस्ती कुटुंबांत झाला. घरची बोली कोंकणी, राज्याची भाषा पोर्तुगीज. वैद्यकी शिकण्यासाठीं ते मुंबईस आले व ग्रँट मेडिकल कॉलेजांत दाखल झाले. पुढें विलायतेस जाऊन त्यांनीं तेथील पदव्याही मिळविल्या. परत आले ते मात्र हडफड्यास नव्हे, मुंबईस. आणि मुंबईंतच त्यांनीं आपला दवाखाना थाटला.

आजच्या वाचकास हडफड्याहून मुंबईस जाणें म्हणजे एका घरांतून दुसऱ्या घरांत जाण्यासारखें वाटेल. परंतु १९६१ सालच्या डिसेंबरांत गोवा स्वतंत्र भारतांत आला तोंवर या दोन ठिकाणांमध्यें दोन राजसत्तांची सीमा होती. गोव्याचा राजा लिस्बनला, मुंबईची राणी लंडनला. नाणें निराळें, कायदा निराळा, न्यायालयाची भाषा निराळी. १८७८ सालीं इंग्रज व पोर्तुगीज या सरकारांत तह झाला व १८८० पासून १८९२ पर्यंत मालावरची जकात दोहों बाजूंनीं उठली. पण त्याच तहानें गोव्याच्या मिठागरांवर इंग्रजांचा ताबा बसला, माडीवरही कर चढला, आणि पुष्कळ मिठागरवाल्यांस व माड काढणाऱ्यांस पोटासाठीं सीमा ओलांडावी लागली. कागदावर सीमा सैल झाली, आणि गरिबाचें घर मात्र रिकामें झालें! अशा तहांचें फळ कोणाच्या पदरांत पडतें तें यावरून दिसून येतें.

हे जे गोवेकर मुंबईस येत, ते राहत कोठें? बहुतेक सारे आपापल्या गांवच्या कुडींत. कूड म्हणजे एका गांवच्या लोकांनीं मिळून घेतलेली खोली किंवा माडी. भिंतीशीं गांवच्या पालक संताची वेदी, तिच्यापुढें सायंकाळची रोझरी, आणि चोहोंकडे ओळीनें लावलेल्या पत्र्याच्या पेट्या. महिन्याची वर्गणी थोडी. आगबोटीवरचे खलाशी, साहेबांकडील आचारी व बटलर, बँडवाले, शिंपी, कारकून, सर्व तेथेंच उतरत. दुसरी बोट मिळेपर्यंत जमिनीवर चटई टाकून निजत. धोबीतलावाच्या आसपास आजही कांहीं कुडी उभ्या आहेत. अशा मनुष्यास मुंबईंत घर विकत घेण्याची इच्छाही नसे व ऐपतही नसे. पैसा सांठला कीं तो गांवाकडे जाई. घरावर नवीं कौलें चढत, विहीर बांधली जाई, मुलीचें लग्न होई. गांवकाराच्या वंशांतील पुरुषास गांवच्या उत्पन्नांतून जो वार्षिक वांटा मिळतो, ज्यास तेथें जण म्हणतात, त्याचा हक्क जन्मानेंच मिळालेला असल्यानें परदेशीं राहिल्यानें तुटत नसे. तेव्हां देह मुंबईंत व मूळ गोव्यांत, अशी ही वस्ती चाळीस-चाळीस वर्षें चाले.

डॉ. द कुन्हा हे सुशिक्षित व संपन्न वर्गांतले. त्यांस कुडीचा आसरा लागला नसेल. परंतु कुडींतल्या खलाशापुढें जो प्रश्न होता तोच त्यांच्यापुढेंही होता : ज्या भूमींत आपण जन्मभर राहणार, ती आपली कोण? या प्रश्नास त्यांनीं जें उत्तर शोधिलें तें आम्हांस विशेष वाटतें. त्यांनीं त्या भूमीचा इतिहासच हातीं घेतला.

प्रारंभ वैद्यकीनें झाला. १८७१-७२ सालीं मुंबईंत डेंग्यू तापाची सांथ आली, तिजवर त्यांनीं १८७२ सालीं पुस्तक लिहून रोगाचा इतिहास, लक्षणें व उपचार यांचें विवेचन केलें. मग रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेंत त्यांचें जाणें-येणें वाढलें. पुढें ते त्या संस्थेचे उपाध्यक्षही झाले. दिवसां रोगी पाहावे आणि रात्रीं जुनीं दफ्तरें चाळावीं, असा हा क्रम सुरू झाला. नाणीं जमविण्याचाही त्यांस मोठा नाद होता, आणि पोर्तुगीजांनीं हिंदुस्थानांत पाडलेल्या नाण्यांवरील त्यांचा ग्रंथ त्या विषयाच्या अभ्यासकांस अजून टाळतां येत नाहीं.

आमच्या किनाऱ्याशीं त्यांचा ऋणानुबंध जुळला तो १८७६ सालीं. त्या वर्षीं चौल व वसई यांच्या इतिहासावर व प्राचीन अवशेषांवर त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या काळीं रेवदंड्याच्या तटाच्या आंत माडांच्या बागा होत्या व त्या बागांत पडकीं देवळें. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन अशा निरनिराळ्या संघांचीं मंदिरें येथें होतीं. फ्रान्सिस्कनांच्या मंदिराचा उंच मनोरा तेवढा लोकांच्या तोंडीं सातखणी म्हणून राहिला होता; बाकी कोणती भिंत कोणाची, हें सांगणारा विरळा. डॉ. द कुन्हा यांनीं ते अवशेष वर्णिले, दगडांवरचे व थडग्यांवरचे पोर्तुगीज लेख उतरून घेतले, आणि जुन्या पोर्तुगीज बखरकारांच्या लेखनाशीं ते ताडून पाहिले. गोव्यांत जन्मल्यामुळें ती भाषा त्यांस अवगत होती, आणि मुंबईंत राहिल्यामुळें तो इतिहास कोणासाठीं लिहावयाचा हें त्यांस ठाऊक होतें.

त्या इतिहासांतही परराज्यांत जागा मिळविण्याचीच कथा आहे. १५०८ सालीं चौलच्या बंदरांत मिसरच्या आरमाराशीं झालेल्या लढाईंत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. पुढें १५१६ सालीं निजामशहाच्या संमतीनें पोर्तुगीजांनीं येथें वखार घातली, आणि १५२१ सालीं किल्ल्यास परवानगी मिळविली. निजामशहास घोडे हवे होते व ते समुद्रमार्गें पोर्तुगीजांच्या हातूनच येत. या गरजेपोटीं परक्यास किनाऱ्यावर जागा मिळाली. मागून घेतलेल्या जागेचा मालक होण्यास फार काळ लागला नाहीं. १५७०-७१ सालीं निजामशाही फौजेनें चौलास प्रचंड वेढा दिला तरी जागा सुटली नाहीं, आणि १५९४ सालीं समोरचा कोर्लईचा डोंगरही पोर्तुगीजांनीं घेतला. शेवटीं १७४० सालच्या तहानें हें सारें मराठ्यांकडे आलें.

तहानंतर मोठ्या घराण्यांचे लोक गोव्याकडे निघून गेले. जे गेले नाहींत ते येथले शेतकरी, कोळी, गरीब गुरीब. राज्य गेलें, पण त्यांचा धर्म राहिला, आणि कोर्लईस तर भाषाही राहिली. माउंट कार्मेलच्या माउलीच्या देवळाभोंवतीं पोर्तुगीजमिश्रित बोली अजून घरोघर बोलली जाते. आम्हांस येथें एक उणीव सांगितली पाहिजे. डॉ. द कुन्हा यांच्या ग्रंथांत कप्तान, व्हाइसरॉय व धर्मसंघ यांचा वृत्तांत जितका भरपूर आहे, तितका या मागें राहिलेल्या लोकांचा नाहीं. त्यांचे आधार पोर्तुगीज बखरींचे, आणि बखरकार नांगर धरणाऱ्याकडे पाहत नसत. तरी १८८३ सालीं सरकारनें कुलाबा जिल्ह्याचें गॅझेटियर काढिलें तेव्हां चौलच्या वर्णनास याच ग्रंथाचा मोठा आधार घ्यावा लागला. जो जिल्हा १९८१ पासून रायगड या नांवानें ओळखला जातो, त्याच्या किनाऱ्याचा पोर्तुगीजकालीन इतिहास शोधणारास याच ग्रंथाची वाट धरावी लागते.

याहून मोठें काम मुंबईचें. मुंबईच्या उत्पत्तीविषयींचा त्यांचा ग्रंथ १९०० सालीं निघाला. मुंबईचा पूर्ववृत्तांत पाहूं जातां परक्या भूमींतील मालमत्तेचा प्रश्न पावलोपावलीं भेटतो. सोळाव्या शतकांत हें बेट पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याजकडे वार्षिक खंडानें होतें. १६६१ च्या विवाहतहानें तें इंग्लंडच्या राजाकडे गेलें व १६६५ सालीं प्रत्यक्ष ताबा मिळाला. जे रहिवासी तेथेंच राहूं इच्छीत त्यांस कॅथोलिक धर्म पाळण्याची मोकळीक तहांत होती. जमिनीचा वाद मात्र लगेच उपस्थित झाला. काल आपल्या राज्यांत असलेली वाडी आज परराज्यांत गेली. ती आपली कीं इंग्रजांच्या राजाची? गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर यानें १६७२ सालीं जमीनमालकांशीं करार करून, वर्षास २०,००० शेराफिन घेऊन त्यांचे कबजे कायम ठेविले, तेव्हां कोठें लोकांचा जीव खालीं पडला. त्याच सुमारास पोर्तुगीज चौलचे रेशीम विणकर आपले माग घेऊन इंग्रजी मुंबईंत राहावयास गेले. म्हणजे डॉ. द कुन्हा ज्या वाटेनें आले, त्या वाटेनें आमच्या चौलचे लोक दोनशें वर्षें आधींच गेले होते.

परक्याचें स्वागत सर्वत्र सारखें होतें असें मात्र नव्हे. गोव्याहून येणारांची संख्या वाढली तसे मुंबई, साष्टी व वसईकडील मूळ ख्रिस्ती लोक अस्वस्थ झाले. दोघांचीं आडनांवें एक, धर्म एक, आणि नोकऱ्याही त्याच. आपण इंग्रज सरकारचे जुने प्रजाजन, हे पोर्तुगीज प्रजाजन, हा भेद स्पष्ट व्हावा म्हणून १८८७ सालीं राणीच्या जुबिलीच्या वेळीं त्यांनीं ईस्ट इंडियन हें नांव धारण केलें. त्यांत ख्रिस्तसभेंतील अधिकाराचाही घोळ होता. १७९४ पासून १९२८ पर्यंत मुंबईंत पाद्रोआदो व प्रोपागांडा अशा दोन अधिकारांखालीं एकाच धर्माचे लोक विभागलेले होते. अशा काळांत, ज्यांस परका म्हणावयाचें त्या गोवेकरानेंच वसई-चौलच्या ख्रिस्ती लोकांचा इतिहास लिहून ठेविला होता, ही गोष्ट दोन्ही पक्षांनीं मनांत आणिली असती तर बरें झालें असतें.

मूळ भूमीस ते विसरले नव्हते. १८७७ सालीं त्यांनीं स्कंदपुराणांतील सह्याद्रिखंडाची संस्कृत संहिता अनेक हस्तलिखितें ताडून प्रसिद्ध केली. एका ख्रिस्ती वैद्यानें पुराण संपादावें याचें कित्येकांस नवल वाटलें असेल. पण परशुरामानें त्रिहोत्राहून ब्राह्मण आणून गोमांचलीं वसविले ही कथा त्यांतच आहे, आणि ती त्यांच्या स्वतःच्या पूर्वजांची. गोव्याचे म्हणविणारेही एकेकाळीं बाहेरूनच आले, हें त्या पुराणाचें म्हणणें. १८८१ सालीं कोंकणी भाषा व वाङ्मय यांवर त्यांनीं निबंध लिहिला. त्यांतील सर्व मतें मराठी वाचकांस पटतील असें नाहीं, परंतु त्या बोलीस भाषेचा मान द्यावा हा आग्रह पुढें गोव्यांत बळावला. त्यांची कीर्ति इटलींतही गेली. १८७८ सालीं फ्लॉरेन्स येथें भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेस ते गेले, आणि तेथील पंडित आंजेलो दे गुबेर्नातिस १८८५ सालीं मुंबईस आले तेव्हां हिंदुस्थान दाखविण्यास डॉ. द कुन्हा त्यांच्या साह्यास होते.

१९०० सालीं, मुंबईवरील ग्रंथ निघाला त्याच वर्षीं, त्यांचें निधन झालें. वय छप्पन्न. त्यांचा चौल-वसईचा ग्रंथ शंभराहून अधिक वर्षांनीं पुन्हां छापून निघाला आहे. रेवदंड्याच्या तटांतील आणखी कांहीं भिंती मधल्या काळांत ढासळल्या. तेथील लेखांची नक्कल त्यांच्या पानांत आहे.