दत्तक आलेली श्रीमंती

वर्ध्याच्या बच्छराज शेटजींच्या वाड्यात नातू म्हणून दत्तक आलेले पोर चार-पाच वर्षांचे होते. जमनालाल बजाज यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ चा, सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यातला. वडील कनीराम साधे शेतकरी. एका दत्तकविधानाने मुलाचा जन्मच बदलला.

वर्ध्याचा तो काळ कापसाचा. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१-६५) विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा साऱ्यांची नजर या काळ्या मातीकडे वळली. मागोमाग आगगाडी आली. खरेदी, जिनिंग, सावकारी यांत पेढ्या वर चढल्या. बंडीतून कापूस आणणारा कुणबी मात्र बहुधा सावकाराच्या वहीतच राहिला. बाजार माणसाला वर नेतो खरा, पण कोणाला?

सतराव्या वर्षी या प्रश्नाची झळ जमनालालांना घरातच लागली. लग्नाला जाताना दागिने घालायचे नाकारले म्हणून आजोबा भडकले, दिलेल्या संपत्तीची आठवण करून दिली. पोराने सारा हक्क सोडल्याची चिठ्ठी लिहिली आणि घर सोडले! शेटजींनी मनधरणी करून परत आणले. पुढे आजोबा वारले आणि सोडलेली दौलतच हाती आली. ती आपली नव्हे, ही जाणीव मात्र गेली नाही.

व्यापार त्यांनी सोडला नाही. १९३१ मध्ये गोला गोकर्णनाथला साखर कारखानाही काढला. सरकारची रायबहादुरी मात्र परत केली. पत्नी जानकीदेवींनी सोने सोडले, पडदाही सोडला. मारवाडी घरातल्या सुनेला हे किती जड गेले असेल!

पैशाने कनीरामचा मुलगा शेटजी झाला. पण अस्पृश्यांना देवळाची पायरी पैशानेही चढता येत नव्हती. १९२८ मध्ये जमनालालांनी घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर त्यांना खुले केले आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. गांधीजींना वर्ध्यात आणले तेही त्यांनीच. १९३६ मध्ये महात्माजी ज्या शेगावात राहायला गेले, तिथली बरीचशी जमीन शेटजींचीच. तेच पुढे सेवाग्राम झाले.

अखेरीस ते गोपुरीच्या झोपडीत राहून गोसेवा करीत. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यातच गेले.

तीन वर्षांनी निघालेल्या बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनची पुढे बजाज ऑटो झाली. तिच्या स्कूटरसाठी मध्यमवर्गीय घरे वर्षानुवर्षे नंबर लावून बसली.