लेडी मेहेरबाई टाटा

दौंडहून मुंबईस जाणाऱ्या गाडीत कधी कधी तोंडास फडके बांधलेले, केस गळालेले मूल आईच्या मांडीवर निजलेले दिसते. घोडनदीकडूनही अशी कुटुंबे मोटारीने जातात. कोठे चालला, असे पुसता उत्तर बहुधा एकच मिळते : परळास, टाटात. हे नाव सर्वतोमुखी आहे. परंतु त्यामागील एका थोर स्त्रीचे चरित्र आम्हा विद्यार्थ्यांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. म्हणून ते येथे संक्षेपाने देत आहो.

मेहेरबाईंचा जन्म १० ऑक्टोबर १८७९ रोजी मुंबईस भाभा नावाच्या सुविद्य पारशी घराण्यात झाला. वडील म्हैसूर संस्थानच्या शिक्षणखात्यात असल्याने त्यांचे शिक्षण बंगळूरच्या बिशप कॉटन शाळेत झाले. १८९८ साली जमशेटजी टाटांचे ज्येष्ठ चिरंजीव दोराबजी यांशी त्यांचा विवाह झाला. घरी लक्ष्मी पाणी भरीत असताही बाई ऐषआरामात रमल्या नाहीत. साडी नेसून त्या टेनिस खेळत. आणि स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार व बालविवाहाचा निषेध त्यांनी देशीविदेशी निर्भयपणे केला.

दोराबजींनी त्यांस जुबिली नावाचा हिरा दिला होता. त्याचे वजन २४५ कॅरट, म्हणजे आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून अधिक. १९२४ साली जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यावर संकट येऊन कामगारांचे पगार देणेही कठीण झाले, तेव्हा दोराबजींनी आपली सर्व मालमत्ता पेढीकडे गहाण टाकली. तीत हा हिराही होता. कारखाना तरला.

परंतु ज्या धनाने हजारोंची चूल पेटती राहिली, ते बाईंचे प्राण वाचवू शकले नाही. रक्तातील श्वेतपेशी बेसुमार वाढविणारा ल्युकेमिया त्यांस जडला. त्या काळी त्यावर गुणकारी औषध जगात कोठेच नव्हते. १८ जून १९३१ रोजी त्यांचा अंत झाला.

दोराबजींनी आपला शोक सत्कार्यी लाविला. १९३२ साली पत्नीच्या नावे निधी स्थापून त्यांनी त्यातील मोठा भाग जगभरच्या ल्युकेमिया-संशोधनास ठेविला; त्याच वर्षी तेही निवर्तले. पुढे जुबिली हिरा विकला जाऊन त्याचे द्रव्य दोराबजींच्या विश्वस्तनिधीस मिळाले, आणि त्या निधीने परळ येथे उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले.

याच संस्थेच्या खारघर येथील केंद्रात, पवईच्या आयआयटीच्या साहाय्याने, ४ जून २०२१ रोजी एक नवी चिकित्सा प्रथम योजिली गेली. तीत रोग्याच्याच रक्तातील रक्षक पेशी काढून, प्रयोगशाळेत त्यांस शत्रू ओळखण्याची शक्ती देऊन, त्या पुन्हा त्याच्या अंगात सोडतात. या प्रयोगात बालकर्करोगाचे वैद्यही होते. अशी परीक्षा पायरीपायरीने होते : प्रथम थोड्या रोग्यांवर, अपाय होतो की काय हे पाहून, मग अधिकांवर. या चिकित्सेने तीव्र ज्वर येऊ शकतो. कित्येकांस गुण येतो, कित्येकांचा रोग उलटतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने पंधरा वर्षे व त्यापुढील रोग्यांकरिता तीस संमती दिली. त्याहून लहान मुलांकरिता स्वतंत्र परीक्षा लागते. ज्या बालकास प्रचलित औषधे लागू पडली नाहीत, त्याच्या मातापित्यांस हा विलंब किती जड जात असेल! तथापि घाईने दिलेले औषध घातही करील, म्हणून ही सावधगिरी आवश्यक होय.

मेहेरबाईंस औषध मिळाले नाही. पण त्यांच्या मृत्यूने औषधाच्या शोधास बळ मिळाले. विद्यार्थिबंधुभगिनींनो, दौंडच्या गाडीत तसे मूल दिसल्यास आपण नजर न वळविता त्यास बसावयास जागा द्यावी. हिरा देणे आपल्या हाती नाही. एवढे तरी आहे.