विद्युत्शास्त्राचा उपासक : मायकेल फॅरेडे

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडन शहरातील ब्लँडफर्ड स्ट्रीट या रस्त्यावर रिबो नावाच्या एका सद्गृहस्थाचे पुस्तकांचे दुकान होते. तेथे पुस्तके विकली जात, बांधणीसाठी आलेल्या ग्रंथांना पुठ्ठे चढविले जात आणि वर्तमानपत्रे भाड्याने वाचावयास दिली जात. त्या काळी वर्तमानपत्र महाग असल्यामुळे एकच अंक अनेक घरी फिरत असे. तो अंक घरोघर पोचविण्याचे आणि वाचून झाल्यावर परत आणण्याचे काम १८०४ साली एका तेरा वर्षांच्या मुलाकडे आले. काखेत वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन गल्लोगल्ली हिंडणारा हा पोर पुढे साऱ्या जगाला विजेच्या शक्तीचा मार्ग दाखवील, असे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. त्या मुलाचे नाव मायकेल फॅरेडे.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनलगतच्या न्यूइंग्टन बट्स येथे झाला. त्याचे वडील लोहार होते. भात्यापाशी राबणाऱ्या या माणसाची प्रकृती मात्र फार नाजूक होती. त्यामुळे कधी काम मिळे, कधी मिळालेले काम हातून होत नसे. १८०१ साली धान्याचे भाव भडकले, तेव्हा मायकेलच्या वाट्याला एक पाव येई आणि त्यावर त्याला आठवडा काढावा लागे. शाळेत तो जेमतेम लिहिणे, वाचणे व अंकगणित एवढेच शिकला. गणिताचे उच्च शिक्षण त्याला कधीच मिळाले नाही. घरात धन नव्हते. पण आईवडील एका लहानशा ख्रिस्ती पंथाचे श्रद्धाळू अनुयायी होते. साधेपणाने राहावे, द्रव्यसंचयाच्या मागे लागू नये, ही त्या पंथाची शिकवण मायकेलच्या मनात लहानपणीच खोल रुजली.

मुलाचा प्रामाणिकपणा व तत्परता पाहून वर्षभरातच रिबोने त्याला पुस्तकबांधणीच्या धंद्यात सात वर्षांसाठी उमेदवार म्हणून घेतले. अशा उमेदवारीसाठी मालकास रक्कम द्यावी लागे; परंतु रिबोने ती घेतली नाही. बांधणीसाठी आलेली पुस्तके मायकेल नुसती शिवीत नसे, ती वाचीतही असे. एकदा एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका या ज्ञानकोशाचा एक खंड त्याच्या हाती आला. त्यातील विजेविषयीच्या लेखाने त्याच्या मनाची पकड घेतली. जेन मार्सेट या विदुषीने सोप्या संवादांच्या रूपाने लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तकही त्याने असेच वाचून काढले. मात्र छापले आहे म्हणून ते खरे, असे मानून स्वस्थ बसणारा तो नव्हता. फावल्या वेळात, अल्प खर्चात जमतील ते प्रयोग करून तो वाचलेल्या गोष्टींचा पडताळा पाही. ताम्र नाणी, जस्ताच्या तेवढ्याच चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजविलेले कागदाचे तुकडे एकावर एक रचून त्याने स्वतःची विद्युत्घटमाला तयार केली.

त्या सुमारास लंडनमध्ये विज्ञानावर सायंकालीन व्याख्याने होत. प्रवेशाची फी एक शिलिंग होती. मायकेलपाशी शिलिंग कोठचा? त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट वडिलांप्रमाणेच लोहारकाम करी. त्याने आपल्या मिळकतीतून धाकट्या भावाला हे पैसे दिले. पुढे १८१२ साली रिबोच्या दुकानातील एका गिऱ्हाइकाने या होतकरू मुलाला रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत होणाऱ्या सर हंफ्री डेव्हीच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही हा त्या काळचा नामांकित रसायनशास्त्रज्ञ होता. मायकेल सज्जात बसून प्रत्येक शब्द टिपून घेई. घरी आल्यावर ती टिपणे तो सुवाच्य अक्षरात उतरून काढी व आकृत्या रेखाटी. शेवटी त्या सर्व पानांची त्याने स्वतःच्या हातांनी सुबक बांधणी केली आणि आपणास विज्ञानाच्या सेवेत घ्यावे अशा विनंतीसह ते पुस्तक डेव्हीकडे पाठविले.

डेव्हीने त्याला भेटीस बोलाविले. परंतु जागा रिकामी नव्हती. विज्ञानात पैसा थोडा व कष्ट फार, तेव्हा हातचा धंदा सोडू नये, असाच सल्ला त्याने दिला. काही आठवड्यांनंतर प्रयोगशाळेतील मदतनिसाची जागा एकाएकी मोकळी झाली आणि डेव्हीला त्या तरुणाची आठवण झाली. १ मार्च १८१३ रोजी फॅरेडे रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रुजू झाला. पगार आठवड्याला पंचवीस शिलिंग आणि राहावयास माळ्यावरच्या दोन खोल्या. बाटल्या धुणे, उपकरणे मांडणे, प्रयोगात हाताशी राहणे हे त्याचे काम होते.

त्याच वर्षी डेव्ही पत्नीसह युरोपच्या प्रवासाला निघाला. फॅरेडे त्याचा साहाय्यक म्हणून बरोबर गेला; पण डेव्हीच्या खास नोकराने ऐनवेळी येण्याचे नाकारल्यामुळे नोकराची कामेही त्याच्याच गळ्यात पडली. डेव्हीची पत्नी त्याला नोकरासारखेच वागवी. मानी स्वभावाच्या त्या तरुणाला हे फार लागे, आणि परत जावे असेही त्याच्या मनात येई. तरीही तो टिकून राहिला. कारण याच प्रवासात त्याला पॅरिसमध्ये अँपिअर आणि मिलानमध्ये वृद्ध व्होल्टा यांचे दर्शन घडले. फ्लॉरेन्समध्ये मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरा जाळण्याच्या प्रयोगात त्याने भाग घेतला. दीड वर्षाचा हा प्रवास हेच त्याचे विद्यापीठ ठरले.

१८२० साली डेन्मार्कमधील अर्स्टेड या शास्त्रज्ञाने एक नवल जगापुढे मांडले. तारेतून विद्युत्प्रवाह वाहू लागला की जवळची चुंबकसूची वळते, असे त्यास आढळले. वीज आणि चुंबक यांचे काही नाते आहे, हे त्यावरून स्पष्ट झाले. पुढच्याच वर्षी फॅरेडेने असे उपकरण बनविले, की पाऱ्यात टोक बुडविलेली तार प्रवाह सुरू होताच चुंबकाभोवती सतत गरगर फिरू लागे. विजेच्या शक्तीने हालचाल घडविणारे हे पहिले यंत्र होय. आजच्या विजेच्या पंख्याचा आणि मोटारीचा तो पूर्वज.

परंतु या यशाबरोबरच एक कटू प्रसंग त्याच्यावर ओढवला. वुलस्टन नावाचा ज्येष्ठ शास्त्रज्ञ अशाच प्रकारच्या कल्पनेवर विचार करीत होता. फॅरेडेने त्याची कल्पना उचलली, अशी कुजबुज लंडनच्या विद्वानांत सुरू झाली. कालपर्यंत बाटल्या धुणाऱ्या माणसावर असा आळ सहज चिकटतो. फॅरेडे स्वतः वुलस्टनला भेटला आणि आपले काम निराळे आहे हे त्याने समजावून दिले. वुलस्टनचे समाधान झाले. पण डेव्हीचे मन मात्र कलुषित झाले. फॅरेडेला रॉयल सोसायटीचा सदस्य करावे अशी सूचना आली, तेव्हा त्या संस्थेचा अध्यक्ष असलेल्या डेव्हीनेच तिला विरोध केला. तरीही १८२४ च्या जानेवारीत फॅरेडेची निवड झाली. विरुद्ध मत एकच पडले होते. ज्या हाताने आपल्याला वर उचलले तोच आता आडवा आला, याचे दुःख फॅरेडेला झाले असल्यास नवल नाही. परंतु त्याने कटुता धरली नाही. डेव्हीच्या उपकारांचा उच्चार तो अखेरपर्यंत आदराने करीत असे.

विजेमुळे चुंबकत्व निर्माण होते, तर चुंबकापासून वीज का निर्माण होऊ नये, हा प्रश्न त्याने १८२२ सालीच आपल्या वहीत टिपून ठेवला होता. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक ठेवून, एका तारेतून प्रवाह सोडून शेजारच्या तारेत तो उमटतो का हे पाहून, त्याने पुनःपुन्हा प्रयत्न केले. १८२४, १८२५, १८२८ साली केलेले प्रयोग निष्फळ ठरले. मधल्या काळात रसायनशास्त्रात त्याने मोठी कामगिरी केली. क्लोरिन वायूचा त्याने द्रव केला, बेंझीन हा पदार्थ शोधून काढला. पण वहीतला तो प्रश्न त्याच्या मनातून गेला नाही.

२९ ऑगस्ट १८३१ हा दिवस उजाडला. फॅरेडेने सुमारे सहा इंच व्यासाचे मऊ लोखंडाचे एक कडे घेतले होते. कड्याच्या एका बाजूस तांब्याच्या तारेचे वेढे दिले, समोरच्या बाजूस दुसऱ्या तारेचे. वेढे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मधे दोरा आणि कापड घातले. पहिली तार विद्युत्घटमालेला जोडावयाची होती, दुसरी चुंबकसूचीवरून नेली होती. पहिली तार जोडताच सूची हलली आणि लगेच पूर्ववत् स्थिर झाली. प्रवाह वाहत होता, पण सूची स्तब्ध. घटमाला तोडली, तेव्हा ती पुन्हा एकदा हलली. एखाद्या उतावीळ माणसाने हा क्षणाचा कंप हाताच्या धक्क्याचा समजून सोडून दिला असता. फॅरेडेने त्यातले मर्म ओळखले. आजवर तो स्थिर चुंबकाकडून आणि स्थिर प्रवाहाकडून विजेची अपेक्षा करीत होता. वीज उमटत होती ती मात्र बदल होण्याच्या क्षणी!

१७ ऑक्टोबर रोजी त्याने तारेच्या पोकळ वेटोळ्यात एक लोहचुंबक झटकन आत ढकलला. सूची हलली. चुंबक आत तसाच ठेवला, सूची स्वस्थ. बाहेर ओढला, सूची उलट दिशेस वळली. पुढे थोड्याच दिवसांत, २८ ऑक्टोबर रोजी, मोठ्या चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून त्याने अखंड विद्युत्प्रवाह मिळविला. जगातील पहिले विद्युत्जनित्र ते हेच.

या शोधाचे महत्त्व केवढे! तोपर्यंत सततचा प्रवाह मिळावयाचा तो घटमालेतील जस्त झिजवून, आणि ते फार खर्चाचे होते. आता गतीपासून वीज मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. मात्र ती फुकट मिळत नाही. प्रवाह वाहू लागला म्हणजे तो चुंबकाच्या गतीला विरोध करतो, आणि त्या विरोधावर मात करण्यासाठी हाताला, वाफेला किंवा पाण्याला श्रम करावे लागतात. त्या श्रमांचीच वीज होते. १९१५ साली खोपोलीला सह्याद्रीवरून खाली आणलेल्या पाण्याने यंत्रे फिरू लागली आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. पुढे कोयनेच्या पाण्यानेही महाराष्ट्राला वीज पुरविली. या सर्वांच्या मुळाशी त्या तबकडीचेच तत्त्व आहे.

यानंतर फॅरेडेकडे पैसा चालून येऊ लागला. कारखानदार त्याचा सल्ला मागत आणि भरपूर मोबदला देत. श्रीमंती की संशोधन, अशी निवड करण्याची वेळ आली, तेव्हा त्याने संशोधन निवडले आणि मिळकतीची ही कामे जवळजवळ बंद केली. पुढे सरदारकीचा मान त्याने नाकारला. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही नम्रपणे परत केले. दीपगृहांच्या कामात मात्र तो अनेक वर्षे झटला. कारण तेथे खलाशांच्या प्राणांचा प्रश्न होता. नाताळात मुलांसाठी व्याख्याने देण्याची रॉयल इन्स्टिट्यूशनची प्रथा त्याने एकोणीस वेळा स्वतः चालविली. एका साध्या मेणबत्तीच्या ज्योतीवरून त्याने मुलांना सारे रसायनशास्त्र उलगडून दाखविले. ती व्याख्याने पुस्तकरूपाने आजही वाचली जातात.

चुंबकावर कागद ठेवून त्यावर लोखंडाचा कीस पसरला, की त्याच्या वक्र रेषा तयार होतात. चुंबकाची शक्ती सभोवतालच्या अवकाशात अशाच रेषांनी पसरलेली असते, अशी कल्पना फॅरेडेने मांडली. गणिताच्या भाषेत नसल्यामुळे पुष्कळ पंडितांना ती पटली नाही. मॅक्सवेल या तरुण गणितज्ञाने मात्र तिचे मोल जाणले आणि तिला गणिताचे रूप दिले. तेव्हा वृद्ध फॅरेडेने त्याला पत्र लिहून, गणिताने निघालेले निष्कर्ष साध्या भाषेतही सांगता येणार नाहीत काय, असे मोकळेपणाने विचारले. जे येत नाही ते येत नाही असे म्हणण्याचा संकोच त्याला कधीच वाटला नाही.

पन्नाशीच्या आसपास त्याची स्मरणशक्ती दगा देऊ लागली. कालचा प्रयोग आज आठवेनासा झाला. पण उमेदवारीच्या दिवसांत लागलेली टिपणांची सवय त्याच्या उपयोगी पडली. यशस्वी आणि अयशस्वी असा प्रत्येक प्रयोग तो क्रमांक घालून वहीत लिही. या क्रमांकांची संख्या सोळा हजारांवर गेली आहे. गुरुत्वाकर्षणापासून वीज मिळते का हे त्याने १८४९ साली पाहिले. ती मिळाली नाही, तर तेही त्याने तितक्याच निर्मळपणे नमूद करून ठेवले.

अखेरची वर्षे त्याने पत्नी सेरासह हँप्टन कोर्ट येथे राणी व्हिक्टोरियाने दिलेल्या घरात शांतपणे घालविली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी खुर्चीत बसल्या बसल्याच त्याची प्राणज्योत मालवली. हायगेटच्या दफनभूमीत त्याच्या समाधीवर एक साधा दगड आहे. त्यावर त्याचे नाव आणि जन्ममृत्यूच्या तारखा आहेत. पदव्यांचा उल्लेख नाही. लोहाराच्या त्या मुलाचे खरे स्मारक संध्याकाळी उजळणाऱ्या घराघरांत आहे.