रेव्हरंड टिळक आणि मराठी ख्रिस्ती भक्तिगीत

अर्वाचीन मराठी कवितेच्या इतिहासात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे नाव ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून रूढ झाले आहे. या बिरुदामुळे त्यांच्या उपासनागीतांकडे मात्र अभ्यासकांचे काहीसे दुर्लक्ष झाले. वस्तुतः टिळकांच्या जीवनातील मूळ संघर्ष समजून घ्यावयाचा तर या गीतांकडेच वळावे लागते.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. नाशिकमध्ये गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृत काव्याचे अध्ययन केले. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. तिच्या वाचनातून सुरू झालेल्या चिंतनाची परिणती १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेण्यात झाली. या निर्णयाने कुटुंब दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या व १९०० मध्ये त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ज्या समाजात टिळक वाढले त्याला ते परके झाले; ज्या मंडळीत ते आले तिची उपासनेची भाषा त्यांना परकी वाटत होती.

अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे अमेरिकन मराठी मिशनचे प्रमुख केंद्र. तेथे हेन्री बॅलंटाइन यांनी इंग्रजी स्तोत्रांची मराठी रूपांतरे केली होती. कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी कीर्तनाचा व देशी चालींचा अवलंब करून निराळी वाट चोखाळली होती. पाश्चात्त्य चालींचा आघातप्रधान ठेका आणि मराठीतील ऱ्हस्वदीर्घांवर आधारलेली छंदोरचना यांचा मेळ बसत नसल्याने अनुवादित गीतांत शब्दांची ओढाताण होई. अहमदनगर व राहुरी येथील वास्तव्यात टिळकांनी सांगळे यांची ही वाट प्रशस्त केली. अभंग, ओवी, भजन हे साचे त्यांनी स्वीकारले. पुढे ‘उपासना संगीत’ या संग्रहात त्यांच्या गीतांना मोठे स्थान मिळाले.

हे केवळ बाह्यरूपाचे परिवर्तन नव्हते. वारकरी परंपरेतील माउलीची कल्पना त्यांनी ख्रिस्ताच्या ठायी योजिली. तुकारामांच्या मार्गानेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. छंदासमवेत त्या छंदाची भक्तिदृष्टीही आली. त्यामुळे धर्मांतर म्हणजे स्वदेशाचा व स्वभाषेचा त्याग, या तत्कालीन समजाला त्यांची गीते हेच उत्तर ठरले.

१९१२ पासून त्यांनी ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन केले. मिशनच्या वेतनाचे बंधन आपल्या स्वप्नाआड येते असे वाटून त्यांनी ते सोडले आणि १९१७ मध्ये साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना तेथे एकत्र येता यावे, ही त्यामागील भूमिका होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. अपूर्ण राहिलेल्या ‘ख्रिस्तायन’ला लक्ष्मीबाईंनी ६४ अध्यायांची भर घालून ते सिद्धीस नेले, १९३८ मध्ये ते प्रसिद्ध झाले.

दरबाराची कल्पना त्यांच्या पश्चात टिकली नाही, गीते मात्र टिकली. ज्या ऐक्याला संस्थेचे रूप देणे त्यांना साधले नाही, ते अभंगाच्या रूपाने मंडळीच्या उपासनेत रुजले. मराठी भक्तिकाव्याचा इतिहास लिहिताना या गीतांना परिशिष्टात ढकलणे म्हणूनच न्याय्य ठरणार नाही.