विजेचा ताण मोजणारे व्होल्टा

इटली देशाच्या उत्तरेस, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी, कोमो नावाचे रमणीय सरोवर आहे. त्याच्या काठी वसलेल्या कोमो नगरात १८ फेब्रुवारी १७४५ रोजी अलेस्सांद्रो व्होल्टा यांचा जन्म झाला.

त्या काळी वीज ही श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील करमणूक होती. काचेचा गोल घासून ठिणग्या पाडाव्यात व धक्का बसलेल्या पाहुण्याला हसावे, एवढ्यावर पुष्कळांचे समाधान होई. व्होल्टांना मात्र एकच ध्यास लागला. या अदृश्य शक्तीचे माप घ्यावे कसे?

१७७५ साली त्यांनी एक साधे उपकरण पुढे आणले. राळेची वडी घासावयाची, तिच्यावर धातूची चकती ठेवून तिला क्षणभर बोट लावावयाचे आणि काचेच्या मुठीने ती उचलावयाची. मग चकतीजवळ बोट नेताच ठिणगी उडे. राळ पुन्हा न घासता हा प्रयोग अनेकदा करता येई.

१७७८ साली ते पाविया विद्यापीठात प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांना दाखविता येईल असे मापकही त्यांनी तयार केले. काचेच्या बाटलीत गवताच्या दोन बारीक काड्या शेजारीशेजारी टांगलेल्या असत. विजेचा भार मिळताच त्या एकमेकींपासून दूर सरत. हे अंतर पट्टीवर मोजले की विजेचा ताण कळे. भार आणि ताण या दोन निरनिराळ्या गोष्टी होत, हे त्यांनी ओळखले. तेवढेच पाणी परातीत पसरते, पण अरुंद नळीत उंच चढते. तसेच हे आहे.

१७९१ साली गॅल्व्हानी यांनी मृत बेडकाचे पाय धातूंच्या स्पर्शाने हालतात हे प्रसिद्ध केले. ती वीज प्राण्याच्या देहातील आहे, असे त्यांचे मत होते. व्होल्टांना ती दोन भिन्न धातूंच्या संयोगातून येते असे वाटले. तो ताण इतका क्षीण होता की काड्या जागच्या हालेनात. तेव्हा व्होल्टांनी जवळजवळ ठेवलेल्या दोन चकत्यांवर भार साठविला व त्या दूर केल्या. भार तोच राहिला, ताण वाढला आणि काड्या हालल्या! याच शोधातून १८०० साली जस्त, चांदी व खारट पाण्यात भिजविलेले पुठ्ठे यांची चळत रचून त्यांनी जगातील पहिली विद्युतघटमाला सिद्ध केली. प्राण्यांच्या देहातही वीज असते, हे गॅल्व्हानींचे म्हणणे पुढे खरे ठरले.

५ मार्च १८२७ रोजी व्होल्टांचे निधन झाले. १८८१ साली पॅरिस येथील परिषदेने विजेच्या ताणाच्या एककाला व्होल्ट हे नाव दिले. विजेरीतील एका घटाचा ताण दीड व्होल्ट असतो. थंडीत लोकरीचे वस्त्र काढताना उडणाऱ्या ठिणगीचा ताण हजारो व्होल्ट असतो. पण तिच्यातील भार अत्यल्प, म्हणून ती केवळ चटका देऊन विझते. इतरांनी जिच्याकडे मौज म्हणून पाहिले, त्या ठिणगीला व्होल्टांनी माप लावले, आणि त्या मापातूनच विजेचे नवे युग उदयास आले.