गळ्यात घड्याळ, पाण्यात मर्सिडीज

शीर्षक वाचून गाडीबद्दलचा लेख असेल असं समजून ज्यांनी पान उघडलं, त्या मेकॅनिकलच्या समस्त बंधूंची आधीच माफी मागते. ही मर्सिडीज म्हणजे एक बाई होती. लंडनमध्ये टायपिस्टची नोकरी करणारी. आणि तिची नि माझी ओळख झाली ती एका घड्याळामुळे.

त्याचं असं झालं, की मागच्या सेमच्या सुट्टीत स्कॉलरशिपचे थोडे पैसे उरले होते. पोहण्याच्या सरावासाठी घड्याळ घ्यायचं ठरवलं. बजेट चार हजार. पहिल्या दुकानात लेडीज घड्याळ मागितलं, तर समोर आली रुपयाच्या नाण्याएवढी डायल, भोवती खडे आणि बांगडीसारखा पट्टा. पोहताना वापरायचंय म्हटल्यावर दुकानदार काकांनी तो ट्रे उचलला आणि जेंट्सचा ठेवला. त्यातलं प्रत्येक घड्याळ माझ्या मनगटावर वाटीसारखं दिसत होतं. दुसऱ्या दुकानातही हीच गत. तिसऱ्या दुकानात मात्र खालच्या कप्प्यातून एक निघालं. स्टीलची केस, निळी डायल, रबरी पट्टा, मनगटाला बरोबर बसणारं. दिसायला एकदम झकास, आणि पाठीवर कोरलेलं 10 बार! किंमतही आवाक्यातली. घेतलंच.

होस्टेलवर आल्यावर रूममेटने हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, की वेळ लावायच्या या घुंडीला आटे कशाला पाडलेत? प्रश्न साधा होता, पण उत्तर मला येईना. टी. ई. मेकॅनिकलला असून येईना, हे जास्त लागलं. म्हणून लायब्ररी गाठली.

तर आधी थोडं तांत्रिक. घड्याळात पाणी शिरायच्या वाटा मुख्यतः तीन: काच, पाठीमागचं झाकण आणि ती घुंडी. काच आणि झाकण एकदा घट्ट बसवलं की झालं. पण घुंडी फिरती, आत-बाहेर होणारी. तिच्या दांड्याला भोक ठेवावंच लागतं, म्हणजे तीच सगळ्यात कच्ची जागा. उपाय काय, तर वेळ लावून झाली की घुंडी आट्यांवर पिळून केसला घट्ट बसवायची. ही कल्पना प्रत्यक्षात वापरून 1926 साली रोलेक्स कंपनीच्या हान्स विल्सडॉर्फ यांनी ऑयस्टर नावाचं घड्याळ आणलं. ऑयस्टर म्हणजे शिंपला, पाण्यात मिटून राहणारा. घुंडीचं पेटंट मूळचं दोन स्विस कारागिरांचं. ते विल्सडॉर्फनी विकत घेतलं होतं.

आता गंमत बघा. मनगटी घड्याळ तोवर मुळात बायकांचा दागिना समजलं जाई. पुरुष खिशात साखळीचं घड्याळ ठेवत. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना खिशात हात घालायची सोय उरली नाही, तेव्हा कुठे ते पुरुषांच्या मनगटावर आलं. तरीही हे नाजूक प्रकरण धूळ-पाण्यात टिकेल यावर लोकांचा विश्वास नव्हता. विल्सडॉर्फना कुणीतरी असं हवं होतं जे घड्याळ घेऊन खरोखर पाण्यात उतरेल. इथे आपल्या मर्सिडीजबाईंची एंट्री होते.

मर्सिडीज ग्लाइट्झचा जन्म 1900 साली इंग्लंडमधल्या ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी झाला. आईवडील जर्मनीहून आलेले, वडील बेकरीत काम करणारे. मोठेपणी ती लंडनमध्ये टायपिस्ट म्हणून काम करू लागली, आणि सुट्टी मिळाली की पोहायचं. थेम्स नदीत, समुद्रात, जमेल तिथे. डोक्यात एकच खूळ: इंग्लिश खाडी पोहून जायची. फ्रान्स ते इंग्लंड सरळ अंतर साधारण 33 किलोमीटर. पण भरती-ओहोटी पोहणाऱ्याला आडवं ओढत नेते, त्यामुळे प्रत्यक्षात बरंच जास्त पडतं.

अमेरिकेच्या गर्ट्रूड एडरलीने 6 ऑगस्ट 1926 रोजी ही खाडी पार केली. असं करणारी ती पहिली स्त्री. त्यामुळे जगातला पहिला नंबर गेला होता. मर्सिडीज तरी थांबली नाही. एक, दोन, तीन असे करत सात प्रयत्न फसले. आपल्याकडे एका विषयात दोनदा केटी लागली तर माणूस ब्रँच बदलायचा विचार करतो. ही बाई आठव्यांदा पाण्यात उतरली आणि 7 ऑक्टोबर 1927 रोजी 15 तास 15 मिनिटं पोहून इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली. खाडी पार करणारी पहिली ब्रिटिश स्त्री.

गोष्ट इथे संपली असती तर छानच. पण चारच दिवसांनी डोरोथी लोगन नावाच्या एका डॉक्टरबाईंनी आपण 13 तास 10 मिनिटांत खाडी पार केल्याचं जाहीर केलं. एडरलीपेक्षाही कमी वेळ! सत्कार झाले, बक्षीस जाहीर झालं, आणि थोड्याच दिवसांत बाईंनी स्वतःच कबूल केलं, की सगळं खोटं होतं. बराचसा प्रवास बोटीतून केला होता. कोणीही उठून असा दावा करू शकतो, त्यावर देखरेख हवी, हे दाखवायचं होतं असं त्यांचं म्हणणं. खोटं प्रतिज्ञापत्र दिल्याबद्दल पुढे त्यांना दंडही झाला.

पण त्यांच्या खोट्याची झळ लागली ती मर्सिडीजला. ती किनाऱ्याला लागली तेव्हा सोबत होते फक्त बोटीवरचे लोक. मग हिचं तरी खरं कशावरून, अशी कुजबुज सुरू झाली. आठ वेळा प्रयत्न करून मिळवलेलं यश दहा-बारा दिवसांत संशयित ठरलं.

इथे मला माझं सेकंड इयर आठवलं. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या प्रॅक्टिकलमध्ये माझी रीडिंग्ज थिअरीच्या फारच जवळ आली. आदल्या दिवशी दुसऱ्या बॅचमध्ये कॉपी पकडली गेली होती, त्यामुळे माझंही जर्नल बाजूला ठेवलं गेलं. मी काही केलं नव्हतं. पण केलं नाही हे सिद्ध कसं करायचं? रात्रभर रडले आणि सकाळी पुन्हा प्रयोग करू द्या म्हणून विनंती केली. दुसऱ्या वेळी हात इतके थरथरत होते, की रीडिंग्ज पहिल्यापेक्षा वाईट आली. पण समोर बसून पाहणाऱ्यांना, मुलीला काम येतं, एवढं कळलं. जर्नलवर सही झाली.

मर्सिडीजनेही तेच केलं. पुन्हा पोहून दाखवते म्हणाली. तारीख ठरली 21 ऑक्टोबर 1927. ही बातमी विल्सडॉर्फनी हेरली आणि तिला एक सोन्याचं छोटं ऑयस्टर देऊ केलं. ते तिने मनगटावर नाही तर गळ्यात अडकवलं आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावरून पाण्यात शिरली. या वेळी आजूबाजूच्या बोटींवर पत्रकार होते, डॉक्टर होते, बघे होते.

ऑक्टोबरचा तिसरा आठवडा म्हणजे तिथे हिवाळ्याची चाहूल. पाण्याचं तापमान पंधरा अंशांच्या खाली. आपल्या गीझरवाल्या पिढीने डिसेंबरात एक बादली थंड पाणी अंगावर घेऊन बघावं आणि त्याला दहा तासांनी गुणावं. मर्सिडीज 10 तास 24 मिनिटं पाण्यात होती. थंडीने ती गुंगीत जायला लागली. शेवटी किनारा काही मैलांवर असताना तिला ओढून बोटीत घ्यावं लागलं. पुन्हा पोहून दाखवायचं म्हणून उतरलेली बाई पोहून पोचू शकली नाही.

आणि तरीही ती जिंकली! इतक्या थंड पाण्यात दहा तास काढणारी बाई चांगल्या हवामानात खाडी पार करू शकते, याबद्दल तिथे असलेल्या कुणालाच शंका उरली नाही. 7 ऑक्टोबरचं तिचं यश मान्य झालं. त्याच वर्षी खाडी पोहण्याच्या दाव्यांची तपासणी करणारी संस्थाही स्थापन झाली. म्हणजे डॉक्टरबाईंचा मुद्दा बरोबर होता, फक्त त्याची किंमत दुसरीने मोजली.

बोटीत घेतल्यावर गळ्यातलं घड्याळ पाहिलं, तर ते बरोबर वेळ दाखवत होतं. महिन्याभराने, 24 नोव्हेंबर 1927 रोजी, डेली मेल या वृत्तपत्राचं अख्खं पहिलं पान ऑयस्टरच्या जाहिरातीने भरलं. त्यात मर्सिडीजचं नावही होतं. पुढे दुकानांच्या काचेत माशांच्या टाकीत बुडवलेली घड्याळं दिसू लागली. आज खेळाडूंच्या हातात घड्याळ देऊन जाहिरात करण्याची जी पद्धत आपण रोज पाहतो, तिचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण.

हे वाचताना मला जरा खटकलं. परीक्षा दिली बाईने, पास झालं घड्याळ, आणि नाव झालं कंपनीचं! पण तिचं पुढचं आयुष्य वाचलं आणि मत बदललं. मर्सिडीजला प्रसिद्धी कशाला हवी होती हे तिचं आधीच ठरलेलं होतं. लंडनमध्ये रस्त्यावर झोपणारी बेघर माणसं तिने पाहिली होती. त्यांच्यासाठी घरं उभारायची म्हणून तिला पैसा हवा होता. 5 एप्रिल 1928 रोजी जिब्राल्टरची सामुद्रधुनी पोहून जाणारी ती जगातली पहिली व्यक्ती ठरली. लक्षात घ्या, पहिली स्त्री नाही, पहिली व्यक्ती! नंतर ती देशोदेशी पोहली. गावोगावच्या तलावांत लोक तिकीट काढून बघायला येत आणि ही एका वेळी चाळीस-चाळीस तासांहून जास्त पोहत राही. त्या पैशातून 1933 साली लेस्टर शहरात बेघर आणि बेकारांसाठी तिच्या नावाची घरं सुरू झाली. 1940 साली जर्मन बॉम्बफेकीत ती पडली. ज्या देशातून तिचे आईवडील आले, त्याच देशाची विमानं. यावर मी काय लिहू?

तिने एका इंजिनिअरशी लग्न केलं (आपल्या लोकांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही!), तीन मुलं झाली, पोहणं थांबलं. 1981 साली ती वारली, तेव्हा फार थोड्यांना ती आठवत होती. तिच्या मुलीने आईची कागदपत्रं गोळा करून 2019 मध्ये चरित्र प्रसिद्ध केलं. आणि ते गळ्यातलं घड्याळ? नोव्हेंबर 2025 मध्ये जिनिव्हातल्या लिलावात दहा लाखांहून अधिक स्विस फ्रँकला गेलं. तिच्या घरांमध्ये तेवढ्या पैशात किती जण राहिले असते, हा हिशोब मी वहीच्या मागच्या पानावर करून बघितला आणि खोडून टाकला.

जाता जाता, आपल्या कोलकात्याच्या आरती साहा यांनी 29 सप्टेंबर 1959 रोजी हीच खाडी पार केली. आशियातली पहिली स्त्री. त्यांचाही त्याआधीचा प्रयत्न फसलेलाच होता.

रूममेटला आता उत्तर सांगून झालंय. आटे कशाला, तर आत पाणी शिरू नये म्हणून. पण पाण्यात उतरण्याआधी घुंडी आपणच पिळावी लागते, ते काम घड्याळ आपलं आपण करत नाही. रोज सकाळी तलावावर जाताना मी ती पिळते आणि दोन सेकंद मर्सिडीजची आठवण काढते. परवा जिल्हा पातळीवर 400 मीटरमध्ये माझा नंबर शेवटून दुसरा आला. वेळ मात्र अचूक कळली.

आठव्या प्रयत्नाला अजून बराच अवकाश आहे.

— टी. ई. (मेकॅनिकल), मुलींचे वसतिगृह