अंध गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर

फ(क्ष) हें चिन्ह बीजगणितांत प्रथम भेटलें म्हणजे आमचे पुष्कळ विद्यार्थी फ ला क्ष नें गुणावयास बसतात. चिन्हाचा हेतु ठाऊक नसला म्हणजे असें व्हावयाचेंच. इंग्रजी पुस्तकांत फ च्या जागीं एफ हें अक्षर असतें. तो प्रघात ज्यानें पाडला, त्याचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

लेओनार्ड ऑयलरचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजीं स्वित्झर्लंडांतील बाझेल शहरीं झाला. बाप प्रॉटेस्टंट पाळक. मुलानेंही तोच मार्ग धरावा ही त्याची इच्छा. परंतु हा मुलगा शनिवारीं दुपारीं योहान बेर्नूली ह्या नामांकित गणितज्ञाकडे आपल्या शंका घेऊन जात असे. त्याची बुद्धि पाहून बेर्नूलीनेंच बापाचें मन वळविलें. वीस वर्षें पुरीं होतात न होतात तोंच, १७२७ सालीं, ऑयलर रशियांतील सेंट पीटर्सबर्गच्या अकादमींत दाखल झाला. तेथें १७३४ सालीं मांडलेल्या एका निबंधांत त्यानें हें चिन्ह योजिलें. एक राशि दुसरीवर अवलंबून असते, हें पूर्वींही ठाऊक होतें. तिला फंक्शन हें नांवही मिळालें होतें. ऑयलरनें तें अवलंबन दोन अक्षरांत व एका कंसांत आणिलें.

आतां तें वाचावें कसें? समजा, एक मोठा फुगा आकाशांत सोडला, आणि क मिनिटांनंतरची त्याची फुटांतील उंची उ(क) नें दाखविली. मग उ(५) = ३०० याचा अर्थ, पांच मिनिटांनीं फुगा तीनशें फूट उंच होता. कंसांतील पांच हीं मिनिटें, बाहेरचे तीनशें हे फूट. अदलाबदल केली कीं वाक्य खोटें झालें. उ(क) = ५ हें तर निराळेंच. फुगा पांच फुटांवर केव्हां होता, असा तो प्रश्न आहे. आणि फुगा चढून पुन्हां उतरला असेल तर त्याचीं उत्तरें दोन. उ(५) चें उत्तर मात्र एकच, कारण एका क्षणीं फुगा दोन ठिकाणीं नसतो. फुगा जमिनीस टेंकल्यावरही सूत्रांत मिनिटें घालीत बसलें, तर सूत्र बिनतक्रार आंकडा देईल, कदाचित् ऋणसुद्धां. पण तो आंकडा कोणत्याही फुग्याचा नव्हे. उत्तरपत्रिकेंत नुसतें ३०० लिहिणारास आम्ही पुरे गुण देत नाहीं, तें ह्याचसाठीं.

ऑयलरचें गणितही असेंच जगाशीं बांधलेलें होतें. जहाजांच्या बांधणीवर त्यानें ग्रंथ लिहिला. चंद्राच्या स्थानावरून खलाशांस समुद्रांत रेखांश काढतां येतात. त्या चंद्रगतीच्या कामाबद्दल १७६५ सालीं ब्रिटिश सरकारकडून त्यास ३०० पौंड मिळाले.

संकटेंही थोडीं नव्हतीं. तेरा मुलांपैकीं पांचच वाढलीं. १७३८ च्या सुमारास उजवा डोळा गेला. बर्लिन येथें पंचवीस वर्षें काढून १७६६ सालीं तो पीटर्सबर्गास परतला, तों डाव्या डोळ्यांत मोतीबिंदु. १७७१ सालीं शस्त्रक्रियेनें थोडे दिवस दिसलें, मग पुन्हां अंधार. त्याच वर्षीं घरास आग लागली. बाझेलच्याच एका मनुष्यानें त्यास उचलून बाहेर काढलें म्हणून तो वांचला. तरी काम थांबलें नाहीं. आंकडे मनांत धरून तो मजकूर सांगे व इतर लिहून घेत. बीजगणिताचें पुस्तक त्यानें शिंप्याचें काम शिकलेल्या एका सेवकाकडून लिहवून घेतलें. लिहितां लिहितां तो सेवकही बीजगणित समजूं लागला, असें सांगतात. ऑयलरच्या एकंदर लेखनाचा सुमारें अर्धा भाग ह्या शेवटल्या काळांतला आहे.

१७८३ च्या जूनमध्यें फ्रान्स देशांत माँगोल्फिए बंधूंनीं तापलेल्या हवेचा फुगा लोकांपुढें उडविला. ती वार्ता पीटर्सबर्गास पोंचली होती. १८ सप्टेंबर रोजीं छिहत्तर वर्षांचा आंधळा ऑयलर असा फुगा कसा चढेल ह्याचें गणित पाटीवर करीत होता. नंतर त्यानें सोबत्यांशीं युरेनस ह्या नव्या ग्रहाच्या कक्षेविषयीं बोलणें केलें. सायंकाळीं मेंदूंत रक्तस्राव होऊन शुद्ध गेली व रात्रीं देहांत झाला. पाटीवरचें तें गणित पुढें पॅरिसच्या अकादमीनें छापलें.